अकरावा धडा

अकरावा धडा: फसवणुकीचे शब्दप्रयोग.
फळ्यावर लिहिते, टेक फॉर अ राइड,
आणि खाली विट्याच्या स्टँडात
आटपाडी गाडी मागं घेताना शिट्टी वाजत राहते.

फिरवून आणणं का मॅडम? समीना पिंजारी विचारते.
हो, फक्त परतीचं तिकीट नसतं.
मग कात्रजचा घाट म्हणा की.
कात्रज इथून एसटीनं पाच तास,
तरी तो घाट पाहिलेले
आमच्या प्रत्येक गल्लीत दोनतीन सापडतात.

पुढचा शब्द, फ्लीस. म्हणजे लोकर कातरून घेणे.
बिरा मेटकरी पहिल्यांदाच हात वर करतो.
मेंढराला फसवाय लागत न्हाय, मॅडम.
मान मांडीवर घेतली की गप पडतंय.
उलट कातरल्यावर हलकं वाटतंय त्याला, उड्या मारतंय.
वर्ग हसतो. मीही.

शहाजीकाका हसत नाहीत.
सत्तेचाळीस वय, सेलमला गलाईचं दुकान,
चार महिने गावाकडं आहेत म्हणून क्लास.
तमिळमध्ये फसलो, हिंदीत फसलो,
आता इंग्रजीत फसायचं तर कळून तरी फसू,
असं पहिल्या दिवशी म्हणाले होते.
त्यांच्या वहीत मधोमध रेघ.
डावीकडं माझे शब्द, देवनागरीत:
रिप ऑफ, कॉन, शॉर्टचेंज, टेकन टू द क्लीनर्स.
उजवीकडं त्यांचे:
चुना. टोपी. शेंडी. कोपराला गूळ.
बगा, म्हणाले, आपलं सगळं घरातलंच सामान.
चुना पानाच्या डब्यातला, टोपी खुंटीवरची,
गूळ फळीवरचा.
फसवणारा हात हलवतच येतोय.

क्लीनर्सच्या पुढं जागा रिकामी होती.
धुऊन काढलं, मी सुचवलं.
त्यांना पटलं नाही. धुतलं तर वस्तू राहती.
आमच्यात मूस असती. तापली
की काय खरं हुतं ते तरी कळतंय.

मला सकाळीच कळलं होतं.
चौगुले सरांच्या केबिनला नवं कुलूप.
खालच्या बेकरीवाल्यानं सांगितलं,
पाच महिन्यांचं भाडं थकलंय, शनिवारी रात्री
प्रिंटर, पंखा आणि ती मोठी खुर्ची टेम्पोतून गेली.
मोबाइल बंद.
भिंतीवर मात्र सर अजून हसतायत:
नव्वद दिवसांत फाडफाड इंग्रजी, नाहीतर पैसे परत.
आज एकसष्टावा दिवस.
माझे तीन पगार त्यांच्याकडं,
आणि या बावीस जणांच्या पावत्यांवर
सही माझी.

तरी शिकवलं.
उदाहरणं आज फार चांगली सुचली.

तास सुटल्यावर काका थांबले.
दुसरा हप्ता, दोन हजार.
नोटा टेबलावर मोजल्या, पेपरवेटही त्यांनीच ठेवला.
सांगायला तोंड उघडलं
तर इंग्रजीतलं एक वाक्य तयार होतं, कर्मणी,
त्यात पैसे नेले गेले होते,
नेणारा कुणी नव्हता, घेणारी तर नव्हतीच.
काकांशी मी तसं बोलत नाही.

हात सवयीनं पावतीपुस्तकाकडं गेला.
नाव, रक्कम, तारीख, सही.
फाडताना दिसलं, कार्बन उलटा लागलेला.
स्थळप्रत कोरी,
आणि माझी सही त्याच पावतीच्या पाठीवर
निळी, आरशातल्यासारखी.
असू दे, घडी घालून खिशात ठेवत काका म्हणाले,
सही हाय न्हवं.

बेकरीची भट्टी पेटली असावी, खारीचा वास वर आला.
जिन्यातून आवाज आला,
उद्या बारावा का, मॅडम?

खडूचा हात ओढणीला पुसत मी दारापर्यंत गेले.
काका, थांबा.
ती पावती द्या इकडं.