थंडीचा करार

वेर्ण्याची कंपनी आता कॉम्प्रेसर विकत नाही.
यंत्र तिचंच राहतं,
कुटबणच्या धक्क्यावर, पिएदादबायच्या बर्फाच्या कारखान्यात.
विकते ती नुसती थंडी,
तासाच्या हिशेबाने.
थंडी थांबली की बिल थांबतं.
थांबू न देणं हे माझं काम.

मी म्हणजे कंपनी नव्हे.
मी कुडचड्याच्या पुलाअलीकडचं एक लेथ,
दोन पोरं, हप्त्यांवरची व्हॅन.
खाणी चालू होत्या तेव्हा टिप्परांचे बुश कातायचो,
डब्यातल्या भातावरही लाल धूळ बसायची.
मग ट्रक रांगेने उभे राहिले,
त्यांच्या हौद्यांत गवत वाढलं.
आणि एक दिवस टाय लावलेला मुलगा
सावर्ड्यापासून रस्ता विचारत आला.
म्हणाला, आम्हाला तुमच्यासारखे भागीदार हवेत.

भागीदार.
हा शब्द मी घरी नेला, जपून.
बायकोने विचारलं, भाग किती?

शर्ट दिले तीन, निळे, छातीवर त्यांचं चिन्ह.
नियम छापील:
गिऱ्हाइकाला स्वतःचा नंबर द्यायचा नाही,
विचारलंच तर सांगायचं, कंपनीकडून आलो.
सील कोल्हापूरचं, झडप बेळगावची,
तापमान बघणारा डोळा कुठल्याशा समुद्रापलीकडचा,
हात माझे.
वरून सगळ्याला एकच निळा रंग.

त्या रात्री तो डोळाच मिटला.
वेर्ण्याला कळलं नाही काही.
पिएदादबायने माझा नंबर कुणाकडून काढला देव जाणे,
पहाटे तीनला मी तिच्या दारात.
'आयलो रे कंपनी!'
आत यंत्र गप्प, नळ्यांवरून पाणी ठिबकत होतं,
बाहेर ट्रॉलरांचे दिवे साळच्या मुखाशी,
बांगड्याने भरलेले.

म्हटलं, बाय, फोन कर.
'कोणाक?'
कंपनीला.
'मगीर तू कोण?'

तक्रार नोंदल्याशिवाय पेटीचं कुलूप उघडत नाही,
त्याचा आकडा येतो वरून.
ती बसली माशांच्या टोपल्यावर, फोन कानापासून लांब धरून.
आधी बासरी वाजली.
मग तिच्या नसलेल्या तीन भाषा.
मग एक मुलगी, झोपेतली पण गोड.
यंत्राचा क्रमांक विचारला तिने,
मी पट्टीवर बॅटरी धरून वाचला,
बायने तो फोनात ओरडून सांगितला.
मुलीच्या मागे कुणी दुसरी
कुठल्याशा दुसऱ्याच कंपनीच्या गिझरबद्दल माफी मागत होती.
तीही कुणाच्या तरी शर्टात असणार.

'आमचे तज्ज्ञ चार तासांत पोहोचतील.'

माझ्या खिशात फोन वाजला.
पिएदादबायने खिशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
'पावलां म्हूण सांग,' म्हणाली.

पंपाचा बुश गेला होता.
मूळ भाग वेर्ण्याहून दोन दिवसांनी,
बांगडा दोन दिवस थांबत नाही.
व्हॅनच्या तळाशी, चिंध्यांत,
टिप्परचा एक जुना गनमेटल बुश होता,
का ठेवला होता विचारू नका.
कानस मारत बसलो,
झारखंडचा बुधवा दिवा धरून, डुलक्या घेत.
बसवला, काढला, पुन्हा घासला.
सहाच्या सुमाराला पंपाने पाणी धरलं
आणि नळ्यांवर पांढरं चढू लागलं,
आधी कोपऱ्यावर, मग सरळ.

फॉर्मात विचारलं होतं, भाग: मूळ की अन्य?
खूप वेळ पेन हातात धरून होतो.
'अन्य'वर खूण केली.
सेवा देणाऱ्याचं नाव आधीच छापलेलं होतं.

निघताना बायने कागदात चार बांगडे बांधले,
'हें कंपनीक न्हय,' म्हणाली,
आणि गाठ पुन्हा एकदा ओढून बघितली.

पुढच्या महिन्याच्या पैशांबरोबर पत्र आलं.
करारभंग, बाहेरचा भाग वापरल्याबद्दल:
वजा दोन हजार चारशे.
बायकोने ते दिव्याजवळ नेऊन दोनदा वाचलं.
'म्हणजे,' म्हणाली, 'भाग ठरला एकदाचा.'