किल्ली देण्याआधी

एसी पुरतो का, विचारलंस.
बरं केलंस, मिआद. बाकीचे आधी रंग विचारतात.
त्या कोनारच्या झाडाखाली उभी आहे तोवर
ती तुला खोटंच सांगेल.
सावलीतली गाडी आणि मुलगी बघायला आलेला मुलगा,
दोघांवर लगेच विश्वास ठेवू नये.

मी सांगते. अहवाझचे आठ उन्हाळे काढलेत तिनं माझ्या हाताखाली.

सकाळी सातला पुरतो.
आठव्या पुलावर, खाली कारून, रस्ता वाहता,
काचा वर, पंखा तीनवर: चक्क पुरतो.
गुडघे गार पडतात,
माणूस उगाच उदार होऊन दुसऱ्याला वाट देतो.
दुपारी दोनला नादेरी रस्त्याच्या कोंडीत
तोच एसी निवृत्तीला आलेल्या कारकुनासारखा,
खुर्चीवर आहे, काम नाही.
गाडी थांबली की त्याचाही श्वास अडकतो.
लहान इंजिन, जीव तो केवढा.
त्यानं चाकं ओढावी, की तुझ्या कपाळावरचा घाम?
ट्रकच्या पुढे काढायची असेल
तर आधी हे बटण बंद. मग गिअर. मग बिस्मिल्ला.

मागच्या सीटचं विचारूच नकोस.
वारा तिथे पोचतो तो लांबच्या नात्यातल्या बातमीसारखा,
उशिरा आणि कोमट.
माझ्या नणंदेनं, माहरुखनं,
एवढ्यावरून दोन वर्षं अबोला धरला.

उन्हात लावलीस तर पट्ट्याचं बक्कल कापडानं धर.
चारी दारं उघड, आतली भट्टी आधी बाहेर पडू दे.
आणि खजूर पिकवणारा उन्हाळा शरजी वारा घेऊन येतो ना,
तेव्हा काचेला बाहेरून घाम फुटतो.
वायपर लावायचे.
भर दुपारी, ढगाचा पत्ता नसताना.

राहिला ईझेचा घाट.
हे नाही सांगितलं तरी चाललं असतं.

लग्नानंतरचा पहिला तीर महिना.
बर्झू चालवत होता. माझ्या मांडीवर
त्याच्या आईसाठी घेतलेला मलईचा केक.
तिसऱ्या वळणावर काटा लाल रेघेला टेकला.
एसी बंद केला. काटा हलेना.
तेव्हा माफी मागितल्यासारखं माझ्याकडे पाहिलं त्यानं
आणि हीटर लावला. पूर्ण.
"तिची आग थोडी आपण घेऊ, गोलंदाम,
नाहीतर ती इथेच मरेल."
बाहेर अठ्ठेचाळीस. आत किती, देव जाणे.
जाळीतून पायांवर निखारे ओतल्यासारखं.
केक आधी वाकला, मग बसला, मग वाहायला लागला.
आम्ही तो बोटांनी खाल्ला, त्याच्या तोंडात मी भरवत होते,
हसून हसून त्याला रस्ता दिसेना,
एक मेंढपाळ काठी टेकून आमच्याकडे बघत राहिला.
खिंडीत पोचलो तेव्हा काटा खाली आला होता.
आमच्या अंगावर कोरडं असं काहीच नव्हतं.
सासूबाईंना सांगितलं, दुकान बंद होतं.

आता तो असलूयेला असतो, गॅसच्या कंपनीत.
मोठी गाडी आहे, मागच्या सीटलाही जाळ्या.
खोलीत म्हणे रात्री पांघरूण लागतं.
महिन्यातून एकदा येतो आणि सोफ्याच्या कडेवर बसतो
हात काखेत घालून,
जणू थंडी सोबत आणलीय.

नाही, रडत नाही. धूळ आहे, आज सकाळपासूनच आहे.

तर, तुझं उत्तर.
पुरतो. पुढे बसलेल्या दोघांना,
गाडी चालू असेपर्यंत.
नवरोज झाला की गॅस भरून घे, पुढे ढकलू नकोस.
खणात एक टॉवेल आहे, जुना, असू दे तिथेच.
स्टिअरिंग धरायला लागतो.