पुडी

पुड्या सोडणारे जगात पुष्कळ.
हेल्वी ओयासू पुड्या बांधते.

तार्तू शहर, चौथा मजला, फेब्रुवारी.
आतल्या काचेवरही गोठलेली नक्षी.
टेबलाखाली झाकण काढलेलं यंत्र,
त्यात तीन कार्डं, तीन घराण्यांची,
एकमेकींच्या दारचं पाणी न पिणारी.
वर प्रोसेसर, एकटा शहाणा,
एकेक गोष्ट निवडून पाहणारा.
आणि ही कार्डं: हात हजारो, डोकं बेताचं.
यांचा संसार मांडून द्यायचा
आणि तोही असा, की कुणीही कुठेही
एक ओळ टाइप करावी अन् चूल पेटावी.

कंपनीकडून माल येतो तो असा:
एकोणचाळीस लायब्रऱ्या,
एकमेकींच्या झिंज्या धरून बसलेल्या.
ही तिच्याआधी बांधली जात नाही,
ती हिच्याआधी बांधली जात नाही.
मधेच एका फाइलीत
कुण्या इंजिनिअरच्या घरच्या फोल्डरचा पत्ता,
जणू साऱ्या जगानं
त्याच्याच खुर्चीत बसून काम करावं.
हेल्वी पत्ता खोडते. पुढची फाइल.
पुन्हा तोच पत्ता.
एस्टोनियन भाषेतली एक शिवी
इथं बसते; मी ती गाळते आहे.

मग हक्कांची यादी.
कुणी लिहिलं, कोणत्या अटीवर,
हे सांगितल्यावाचून दार उघडत नाही.
अकरा हजार फाइली, प्रत्येकीच्या कपाळावर नाव.
ती डोळ्यांनी वाचते. यंत्राला वाचायला लावता येतं,
पण यंत्र नावापाशी थांबत नाही.

काल्यु पार्न, २००९ ते २०१६.

बारा वर्षं पलीकडच्या खोलीत होता.
पेप्सी तळ्याच्या बर्फाला भोक पाडून
तासन्‌तास बसायचा, मासा न मिळताही खूश.
म्हणायचा, कर्नल असाच लिहायचा असतो.
त्याच्या पत्त्यावर पाठवलेलं पत्र
आता सर्व्हर अतिशय अदबीनं परत करतो.

नव्या आवृत्तीत त्याच्या सातशे ओळी नाहीत.
सोबतच्या टिपेत एकच वाक्य:
जुन्या पिढीच्या कार्डांचा आधार काढला आहे.
चला, काम हलकं झालं.
हेल्वी असं मोठ्यानं म्हणाली सुद्धा.

मग हिउमा बेटावरून तक्रार आली.
लेम्बित कासेमा, शाळामास्तर:
आमच्याकडे हीच कार्डं, अकरा,
बंद पडलेल्या गेमच्या दुकानातून आणलेली.
मुलं त्यांवर पक्ष्यांचे आवाज ओळखायला शिकवतात
यंत्राला, म्हणजे स्वतःही शिकतात.
एप्रिलमध्ये बगळे, बदकं, सगळे परततील.
नवीन घेणं होणार नाही. चौकशी केली एवढंच.

चौकशी केली एवढंच!
हेल्वी उठली, कणीक मळून आली,
काळ्या पावाची, आंबट विरजणाची,
आणि पातेलं ठेवलं यंत्राच्या पाठीशी,
पंख्याची गरम हवा येते तिथं.
मग सातशे ओळी मागच्या आवृत्तीतून उपसल्या,
नव्या अंगाला बेतल्या,
सतरावं ठिगळ म्हणून लावल्या.

बांधणीला चार तास चाळीस मिनिटं.
आधी कम्पायलर, मग त्या कम्पायलरनं बाकी सगळं.
काल्युचं जुनं कार्ड एसटीसारखं नव्हे,
पाणी तापल्यासारखं गुणगुणतं.
पहाटे तीनला चाचण्या: तीन नापास.
दोन नेहमीच्याच. तिसरीत
शेवटच्या आकड्यात एकाचा फरक.
काल्युची चूक, की कार्डाचं वय?
विचारायला कुणी नाही.
तिनं चाचणी झाकली नाही. तिच्याखाली लिहिलं:
कारण कळलेलं नाही. पक्ष्यांना चालेल असं वाटतं.

बाकी वर्षं सगळ्यांची पुढे सरकवली,
कंपनीची, स्वतःची.
२०१६ तसंच ठेवलं.

पीठ पातेल्याबाहेर आलं होतं.
पिठाच्याच हातानं तिनं सहीच्या किल्लीचा परवलीचा शब्द दाबला,
दोनदा चुकली,
आणि पुडी बांधल्यावर
दुकानदार दोऱ्याला देतो तसा
एक हिसका देऊन पाहिला.