लोण्याची पारख

कॉर्कच्या जुन्या डेअरीत फॉख्तना
पेटीत पोकळ सळई खुपसून लोणी वर काढायचा,
आधी नाकाशी धरायचा, मग अंगठ्याने दाबायचा.
ही गाय मार्चभर गोठ्यातच होती, सुक्या गवतावर.
ही बाहेर चरली. बघ, कशी लगेच मान टाकते.

आता तो खिडकीशी बसतो.
मांडीला पट्ट्याने बांधलेली पिशवी,
तिच्यात उतरणारी सिलिकॉनची नळी
महिना टिकायची, ती तिसऱ्या आठवड्यातच तुंबते.
"किटलीत धरतो तसा थर," तो नर्सला सांगतो.
नर्स हसत नाही. तिला अजून चार घरं आहेत.

काढलेली नळी गॉबनेट प्रयोगशाळेत नेते,
बापाची म्हणून नाही, नमुना एकोणीस म्हणून.
त्यातले जंतू वाढवते, नव्या नळीच्या
नखाएवढ्या तुकड्यांवर बसवते,
वरून पाणी सोडते, ठरल्या वेगाने,
आणि रात्री उशिरापर्यंत मोजते
कोण वाहून गेलं, कोण राहिलं.

जंतूला केसाहून बारीक तंतू असतात, पकडायला.
पण तंतू रोवायचा तर भिंत हवी,
आणि त्याची भिंत तेलाची, दुपदरी, सतत हलती.
गोठली तर वाकत नाही,
फार पातळ झाली तर तंतूला बूड उरत नाही.
म्हणून तो आतल्या आत मेद बदलत राहतो:
एक साखळी सरळ, एकीला बाक,
ऊब पाहून, पाणी पाहून.
(माझ्या भाषेत तेलालाही स्नेह म्हणतात.
गॉबनेटला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली,
मग तुमच्याकडे प्रबंध लिहिणं अवघड असेल.)

बाक घालता न येणारा एक वाण तिने घडवला.
पाणी सोडलं की तो खपलीसारखा सुटतो.
एकोणीस मात्र हटत नाही.

रविवारी तिने हे बापाला सांगितलं,
शक्य तितक्या सोप्या शब्दांत, हात हलवत.
तो ऐकत राहिला. मग म्हणाला,
"म्हणजे तुझा तो हिवाळ्यातलं लोणी."
सहा वर्षांत तिला हे सुचलं नव्हतं.
"आणि एकोणीस?"
"तो उन्हाळ्यातला."
"माझाच असणार," तो म्हणाला, जरा ऐटीत.

तिने वाकून पिशवीची तोटी उघडली.
साडेसहाशे. गढूळ. वहीत लिहिलं.
उठताना त्याने तिचं मनगट धरलं,
अंगठ्याने दाबून पाहिलं, सवयीने,
आणि काही न बोलता
खिडकी लावून घ्यायला सांगितली.