अर्धं भांडं

पेशावर दिसायचं नाही आमच्या गावातून,
रात्री नुसता उजेड, आभाळाच्या कडेला सांडल्यासारखा.

मीर हातमकडे तांब्याचं भांडं, बुडाला सुईएवढं भोक.
घंगाळात तरंगत सोडायचं.
बुडालं, की एकाची पाळी संपली,
पाट दुसऱ्याच्या उसात.
वरच्या मोहल्ल्याला सात भांडी, खालच्याला पाच,
विधवा झरमीनाला एक,
मशिदीच्या हौदाला अर्धं.

अर्धं मोजायचं कसं, यावरून दोन खून पडले.
मग जिरगा बसला, मेंढे कापले,
आणि हातमच्या आजानं आतून खिळ्यानं रेघ ओढली.
ती अजून आहे.

रिंगरोड आला. गुऱ्हाळ गेलं,
पेरूच्या बागेचे प्लॉट पडले.
विकणाऱ्यांत माझा बाप पहिला,
हेही लिहून ठेवतो.
आता शहर हुजऱ्याच्या भिंतीला टेकून बसलंय,
आणि पाहुण्याला
कधी उठणार, असं आम्ही विचारत नाही.

भांड्यात सून शांदाना कोंबड्यांना पाणी ठेवते.
गळतं. तिला चालतं.

तरी मंगळवारी पहाटे तीनला हातम उठतो,
फावडं खांद्यावर टाकून
शादी हॉलच्या पार्किंगमध्ये जातो,
तिथे पाटाचं तोंड होतं.
चौकीदार खुर्ची देतो. हातम बसत नाही.
मागं आचारी देगा धुतात,
तेलकट पाणी उतारानं येतं त्याच्या चपलांपाशी.
तो फावड्याची कड लावतो
आणि ते वळवतो,
डावीकडे,
झरमीनाच्या शेताकडे.