माजी

बाईंच्या दारावरची पाटी अजून तीच आहे.
'महापौर'च्या आधी पेंटरनं जागा ठेवली नव्हती,
म्हणून 'माजी' कोपऱ्यात, तिरपं,
पंगत उठल्यावर आलेल्या पाहुण्यासारखं.

मी मनपाच्या विद्युत विभागात वायरमन.
सोडतीत चिठ्ठी निघाली तेव्हा
प्रयागबाई धुतमल कोण, अख्ख्या परभणीला ठाऊक नव्हतं.
पहिल्या सभेला शेजारच्या खुर्चीत नवरा बसला.
दुसऱ्या सभेआधी ती खुर्ची
मीच उचलून व्हरांड्यात ठेवली,
बाईंनी सांगितलं म्हणून.

माहेर परळीच्या धुराड्यांखालचं.
वाळवणावर राख, रांजणाच्या फडक्यावर राख,
भावाच्या खोकल्यात राख.
"तुमच्या ट्यूबा आमच्या राखेवर लागतात," म्हणायच्या
आणि फाईल पुढं सरकवायच्या.

पूर्णेकाठच्या पंपाचं बिल त्यांनी बोट ठेवून वाचलं.
स्थिर आकार, वहन आकार, थकबाकीवरचं व्याज.
"नळाला पाणी पंधरा दिवसांआड,
बिल बरं न चुकता येतं!"

ठराव मांडला. पंपावर, शाळांवर,
स्मशानभूमीच्या पत्र्यावरसुद्धा सौर पॅनल.
तहकूब. तहकूब. पुन्हा तहकूब.
एक सदस्य उठून म्हणाला,
"ऊन फुकटचं, मग त्यात टक्का कुणाचा?"
सभागृह खो खो हसलं.
बाईंनी ते वाक्य इतिवृत्तात लिहायला लावलं, नावासकट.

मंजूर झालं तेव्हा मे होता.
पान्ह्याला हात लावता येईना,
ओलं उपरणं गुंडाळून आम्ही नट आवळले.
आणि मीटरवरचा बाण पहिल्यांदा उलटा झाला
तेव्हा बाई घाबरून म्हणाल्या,
"बिघडलं का हो, रंगनाथ?"

अडीच वर्षं सरली. मग निवडणूक.
गल्लीतल्या बाया तोंडावर बोलल्या,
"तुम्ही चांगल्या हो ताई, पण आमची नाली तशीच राहिली."
बाई काही बोलल्या नाहीत.
नाली राहिलीच होती.

आता सात नंबरच्या शाळेवर
दोन पॅनल चोरीला गेलेत, एकाच्या पाइपाला
कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स बांधलाय.
'बनी तो बनी, नहीं तो परभणी',
आपल्या गावाची जुनीच म्हण.

दर गुरुवारी बाई बादली घेऊन येतात.
गुडघे दुखतात, तरी शिडी चढतात.
मी रिटायर झालोय, शिडी धरायला येतो.
जुन्या लुगड्याच्या फडक्यानं काच पुसतात,
मग फडकं उलटून उन्हात धरतात, निरखतात.
"धूळच आहे," वरून सांगतात.
"राख नाही."