पोच

पहिल्या मसुद्यात लिहिलं, 'माननीय'.
मग खोडून 'सन्माननीय' केलं
आणि मलाच हसू आलं,
अठरा टक्के इथंच भरले की मी.

सातारा रस्त्याच्या आत, औद्योगिक वसाहतीत, कोपऱ्यातला गाळा.
आम्ही स्प्रिंगा करतो. पेनातल्या नव्हे,
झडपांच्या, क्लचच्या, बोटभर ते हातभर.
मोठी कंपनी सोमवारी माल उचलते
आणि पैसे देते चार महिन्यांनी.
सरकार मात्र वीस तारखेला दारात.
बिल फाडलंत ना? भरा.
न आलेल्या पैशावरचा कर
मी आलेल्या पैशातून भरते,
तोही नसला की रोहिदासचा पगार
आठवडाभर पुढं ढकलते,
आणि तो काही बोलत नाही.
हे लिहावं का? लिहिलं. खोडलं.

म्हणणं एवढंच होतं:
पैसा हातात पडेल त्या दिवशी कर घ्या.
एका ओळीचं.
पण एका ओळीचं पत्र उद्धट दिसतं, जाऊबाई म्हणाल्या,
म्हणून दोन पानं झाली.
त्यात स्प्रिंगेचा एक परिच्छेद होता:
दाबली की उसळते, सोडली की मूळपदावर येते,
पण फार दिवस दाबून ठेवली
तर तशीच बसते, आखूड,
आणि दिसायला अगदी नव्यासारखी.
तोही काढला. दिल्लीत कुणाला वेळ आहे.

शनिवारी संपर्क कार्यालयात गेले, बँकेच्या वर, दुसरा मजला.
बाकावर माझ्या आधी
गुडघ्याच्या ऑपरेशनला सवलतीची चिठ्ठी हवी असलेले एक काका,
पोराच्या प्रवेशासाठी आलेली बाई, सगळी कागदपत्रं पिशवीत,
आणि तुंबलेल्या ड्रेनेजचे फोटो
सगळ्यांना दाखवणारा एक जण. मलाही दाखवले.

टेबलामागचा मुलगा, निनाद नाव, बिल्ला लावलेला,
रजिस्टर उघडून म्हणाला, "काम काय?"
"काम नाही. म्हणणं आहे."
तो रकाने बघत राहिला:
दवाखाना, शाळा, पाणी, पोलीस.
मग 'इतर'मध्ये माझं नाव लिहिलं,
खळदकरमधला ळ विसरून.

पत्र मात्र त्यानं वाचलं. तिथंच, दोन्ही पानं.
वाचून आवाज खाली आणून म्हणाला,
"मावशी, किती अडकलेत?
कंपनीचं नाव सांगा, साहेबांच्या नावानं एक फोन टाकतो.
मंगळवारपर्यंत पैसे."

चार लाख बासष्ट हजार.
कंपनीचं नाव जिभेवर आलं होतं.
ते तिथंच थोडा वेळ बसलं,
जसं बाकावर काका बसले होते.

शेजारच्या गाळ्यात शेट्टी आहे, त्याच्या पलीकडं
डाय करणारी दोन पोरं, नुकतीच कर्ज काढून उभी राहिलेली.
त्यांच्यासाठी कोण फोन टाकणार?
"फोन नको," मी म्हटलं, "नियमाचं बघा."
त्याच्या तोंडावर असं काही आलं
की मला वाटलं, मी त्याचा अपमान केला.

आणि खोटं कशाला सांगू,
पद्मावतीच्या थांब्यापर्यंत मी स्वतःला शिव्या देत आले.
चार लाख बासष्ट हजार! मोठी आली नियमाची.

झेरॉक्सवर निळा गोल शिक्का मिळाला, तारीख अर्धी उठलेली.
याला पोच म्हणतात.
पत्र पोचलं याला पुरावा आहे,
म्हणणं पोचलं का याला शिक्का नसतो.
आई आमच्या धाकट्याला म्हणायची,
"पोच नाही रे तुला."
ती तिसरी पोच. ती कुणाला आहे, कुणाला नाही,
हे त्या निनादकडं बघून ठरवता येईना.

झेरॉक्स चलनांच्या फायलीत लावली.
रोहिदासनं विचारलं, काय झालं?
म्हटलं, इतर.

आज एकोणीस तारीख.
दुसरं पत्र घेतलंय लिहायला, या वेळी एकाच ओळीचं.
ओळ तयार आहे.
मायना काय लिहावा ते सुचत नाही.